आडोशाची गावं

ज्यानं कोकण एस.टी.तून पाहिलंय त्याला गावं आठवतात ती तिठ्यांनी आणि वळणांनी. वशिष्ठीचा पूल गेला, हातखंबा आला, चला, पिशव्या काढा. पाण्यावरून येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती जांभ्याची एक तपकिरी कड, तिच्या पायाशी माडांची रेघ, मधूनच एखादं पांढरं देऊळ नाहीतर दीपगृह. या कडेला फट कुठे आहे आणि कुठल्या टेकाडामागं पाणी सपाट पडलंय, एवढंच त्याला समजून घ्यायचं असतं. प्रत्येक बंदर कुठल्या ना कुठल्या वाऱ्याला पाठ देऊन बसलेलं असतं आणि दुसऱ्या कुठल्या तरी वाऱ्याला उघडं पडलेलं असतं. बंदराची खरी ओळख ती.

रत्नागिरीचंच बघा. मांडवीचा काळ्या वाळूचा काळा समुद्र आणि रत्नदुर्गापलीकडचा पांढऱ्या वाळूचा पांढरा समुद्र, हे दोन्ही आम्ही शाळेच्या सहलीत बघितले होते. बाईंनी वाळूचे नमुने गोळा करायला लावले होते. समुद्रात शिरलेल्या त्या डोंगराच्या दोन बगलांत दोन वेगळी हवामानं नांदतात, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही. वारा वायव्येचा असला की दक्षिणेच्या बगलेत, मिरकरवाड्याकडे यायचं. दक्षिणेकडून सुटला की वळसा घालून मिऱ्या डोंगराच्या पलीकडे, काळबादेवीच्या बाजूला जायचं. एकाच गावात पुढचं दार आणि मागचं दार. कुठलं उघडायचं ते वारा ठरवणार.

हे मला शिकवलं एका तांडेलांनी. दाभोळकडचे खारवी, साठी ओलांडलेले. माझ्या मित्राची एक लाकडी बोट होती, मासेमारीतून निवृत्त झालेली. ती वेंगुर्ल्याच्या एका गृहस्थांना विकली गेली होती, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला. रेवदंड्याहून ती वेंगुर्ल्याला पोचवायची होती. तांडेल, त्यांच्या हाताखाली एक पोरगा, आणि बिनकामाचा मी. बोटीला डिझेलचं इंजिन होतं आणि तांडेलांच्या हट्टापायी एक शीडही होतं. इंजिन असताना शीड कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "इंजिनाला डिझेल लागता."

दिवस मार्गशीर्षाचे होते. या दिवसांत कोकणचा समुद्र ठरल्या वेळी उठतो आणि ठरल्या वेळी झोपतो. रात्री जमीन लवकर निवते, पाणी उबदार राहतं, म्हणून मध्यरात्रीनंतर वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहायला लागतो. हा मतलई. त्याला वास असतो. शेणाचा, ओल्या पाचोळ्याचा, कुठे तरी पेटवलेल्या चुलीचा. पहाटे किनाऱ्यापासून चांगलं लांब असलो तरी गाव नाकाला कळतं. सकाळी आठ-नऊला हा वारा मंदावतो, मग घटकाभर काहीच नसतं, पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तसं सगळं गुळगुळीत होतं. दुपारकडे खारा वारा येतो, वायव्येकडून, आधी क्षितिजावर एक गडद रेघ दिसते आणि मग ती रेघ चालत आपल्यापर्यंत येते. दिवस मावळेपर्यंत त्याचं राज्य.

जुन्या गलबतांचं सगळं वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर बेतलेलं होतं. मतलईवर पहाटे बंदराबाहेर पडायचं, थोडं खोल पाण्यात जायचं, आणि दुपारचा खारा वारा शिडात घेऊन किनाऱ्याला समांतर दक्षिणेला सुटायचं. मुंबईहून मालवणकडे जाणं म्हणून सोपं, वारा पाठीशी. परत येणं जिकिरीचं, वाऱ्याला तिरकं छेदत, नागमोडी. पण त्यातही समुद्रानं एक तोड ठेवलेली आहे. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं पाणी उत्तरेकडे वाहतं, पावसाळ्यात दक्षिणेकडे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या प्रवाहाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. तांडेलांना तो अभ्यास ठाऊक नव्हता, प्रवाह ठाऊक होता. पौषात परतीला लागलेलं गलबत रात्री वारा पडल्यावरही थोडं थोडं घराकडे सरकतं, असं ते म्हणाले.

पहिले टप्पे सरळ गेले. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखातून बाहेर पडलो तेव्हा कोर्लईचं दीपगृह अजून चालू होतं. राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याला वळसा घालून दिघीला रात्र काढली. किल्ल्यात माणसं नेणाऱ्या शिडाच्या होड्या अजून तिथे आहेत आणि बिनइंजिनाची होडी तटाला नेमकी कशी लावतात हे बघायला मी तिकीट काढून पुन्हा जाईन. श्रीवर्धन बाहेरूनच गेलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच भागात जमिनीवर चढलं होतं आणि रोठा सुपारीच्या पिढीजात वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या होत्या. समुद्रातून बघितलं तर माडांची रेघ सलग दिसत नाही, मध्येमध्ये दात पडलेले. बाणकोटला आम्ही शिरलोच नाही.

हर्णैला शिरलो ते संध्याकाळी, लिलावाच्या वेळेला. सुवर्णदुर्गाच्या आतल्या बाजूला बोटी लागतात, पण किनारा उथळ, त्यामुळे मासळी वाळूवर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. बैलांच्या पोटाला लाट लागते तरी ते मान खाली घालून उभे असतात. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे वाटे, भोवती कोंडाळं, आणि भाव बोलणाऱ्या बायका. एवढ्या गलक्यात तांडेल मासळीकडे न बघता आभाळाकडे बघत होते. दक्षिणेला, खूप खाली, केसासारखे बारीक ढग पसरले होते. मला ते सुंदर वाटले. ते म्हणाले, "दाभोळात नको. जयगड गाठू."

दाभोळ त्यांचं घर. घर टाळून पुढे जायचं म्हणणाऱ्या माणसाला कारण विचारायचं नसतं, पण मी विचारलं आणि मग त्यांनी मला पाण्याचं गणित समजावलं. हे गणित पंचांगातून निघतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण हिशेब चुकत नाही. पाणी किती चढणार तेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. शिवाय जागेवरही असतं. मुंबईला उधाणाचं पाणी पाच मीटरच्या घरात चढतं, गोव्याकडे जाता जाता ते निम्म्याहून खाली येतं.

तर आम्ही पौर्णिमेच्या तोंडावर होतो. म्हणजे दुपारी बारापर्यंत भरती, आणि त्यानंतर ओहोटी. वशिष्ठीसारख्या मोठ्या नदीचं पाणी ओहोटीला जोरानं बाहेर निघतं. त्याच वेळी समोरून खारा वारा चढलेला असतो. बाहेर येणारं पाणी आणि आत येणारा वारा खाडीच्या मुखाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर एकमेकांना भिडतात, आणि एरवी लोळत येणारी लाट तिथे उभी राहून फुटते. अष्टमीला हेच मुख दुपारी लोण्यासारखं असतं, कारण तेव्हा भरती आत चाललेली असते, वाराही आत. मुख एकच आणि वेळही दुपारचीच. फक्त तिथी बदलली. दाभोळात पौर्णिमेला शिरायचं तर बाराच्या आत, आणि आम्हाला हर्णैहून निघून ते साधणार नव्हतं. १५०८च्या अखेरीला पोर्तुगीजांच्या आरमारानं हे दाभोळ जाळलं, त्या काळी ते या किनाऱ्यावरचं श्रीमंत बंदर होतं. कुठल्या तिथीला शिरले कुणास ठाऊक, हे माझ्या मनात आलं. तांडेलांना म्हटलं, तर ते म्हणाले, "वाटाड्या इथलाच असेल."

शास्त्री नदीच्या मुखाशी दक्षिणेला जयगडचं नाक पुढं आलं आहे. त्याच्या आत शिरलं की दक्षिणेचा वारा डोक्यावरून जातो. नाकावर १९३२ सालचं लोखंडी दीपगृह आहे, अलीकडे आत मोठी जेटी झाली आहे आणि कोळशाची जहाजं लागतात. आम्ही पोचलो तेव्हा खाडीत बोटींची जत्रा भरायला लागली होती. रत्नागिरीच्या, हर्णैच्या, आणि नाकाडावर गुजराती अक्षरं रंगवलेल्या वेरावळ-पोरबंदरकडच्या. सगळ्यांना बातमी एकच लागली होती. लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. दुसऱ्या दिवशी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.

आणि आम्ही अडकलो.

अडकणं म्हणजे काय ते जयगडला कळलं. पहिला दिवस माणूस चिडलेला असतो. हातातला फोन उघडून रंगीत बाणांचे नकाशे बघतो. हैदराबादची समुद्रमाहिती संस्था लाटांची उंची मीटरात सांगते, हवामान खातं किनाऱ्याचं पत्रक काढतं, ते सगळं मी तांडेलांना वाचून दाखवायचो. ते नीट ऐकून घेत. त्यांचा काही या यंत्रांवर राग नव्हता. उलट त्यांच्या स्वतःच्या फोनवरही मासेमारांच्या गटात सगळे इशारे येत होते आणि ते चष्मा लावून वाचत. ज्यांना वाटतं की जुना तांडेल नुसता वारा हुंगून सगळं सांगतो, त्यांनी बंदरावर चार दिवस काढावेत. पत्रक सांगतं की वारा येणार. या नाकामागं तो कितीसा लागेल, तो फिरला तर नांगर कुठल्या बाजूला ओढला जाईल, शेजारच्या बोटीची दोरी किती लांब सोडलीय, हे पत्रकात नसतं.

दुसऱ्या रात्री वारा चढला. आमच्यापर्यंत पोचला तो मोडका, टेकाडावरून उतरताना गोंधळलेला, कधी इकडून कधी तिकडून. मी आत पडलो होतो, झोप नव्हती. तांडेल नाळेशी घोंगडी घेऊन बसले होते आणि त्यांचा अनवाणी उजवा पाय नांगराच्या दोरावर होता. दोर ताणला, सैल झाला, ताणला. मी विचारलं, पाय का? ते म्हणाले, नांगर रुतलेला असला की दोर नुसता ओढतो. घसरायला लागला की दोरातून थरथर येते, तळावरचे दगड पायाला लागतात. मला म्हणाले, ठेव पाय. मी ठेवला. आधी काहीच कळेना, नुसता ओला काथ्या. मग दोन वाव पाण्याखालून, चिखलात खोल, काही तरी घट्ट धरून बसलेलं आहे असं पायाला जाणवलं. घड्याळाकडे न बघता मी बराच वेळ तसाच बसलो. पहाटे शेजारची एक बोट मात्र खरंच घसरत आली. दोन्हीकडचे लोक उठले, टायर मध्ये घातले, शिव्या दिल्या, चहा केला.

त्या बोटीवरची पोरं नेपाळची. रत्नागिरी पट्ट्यातल्या ट्रॉलरांवर आता खलाशी बहुतेक नेपाळी असतात. गावातली मुलं मुंबईला जातात आणि हिमालयातली मुलं इथे येतात. किनाऱ्याची एक जुनी वाटणी होती. उत्तरेला कोळी, रत्नागिरीच्या बाजूला खारवी, भंडारी आणि दालदी, मालवण-वेंगुर्ल्याला गाबीत. ती वाटणी मालकांच्या नावांत शिल्लक आहे. जाळं ओढणारे हात डोंगरातले. त्यातल्या एकानं मला सांगितलं की रत्नागिरीला येईपर्यंत त्यानं समुद्र बघितलाच नव्हता. भीती वाटली का? तर म्हणाला, भीती नाही, उलटी.

तिसऱ्या दिवसापासून माणूस गावाचा होतो. पाववाला ओळखायला लागतो. नांदिवड्याला कऱ्हाटेश्वराच्या देवळात जाऊन आलो. देऊळ कड्यावर, खाली पायऱ्या उतरून गेलं की खाऱ्या पाण्याच्या अगदी काठाला गोड्या पाण्याचा झरा. त्या दिवशी लाटांचे तुषार वर पायऱ्यांपर्यंत येत होते. वारा कमी झाला होता आणि लाट मात्र वाढलेली होती. हे कसं? तर लाट वाऱ्याच्या नंतर येते आणि वाऱ्यापेक्षा लांब जाते. हिवाळ्यात तर कधी आपल्याकडे पानही हलत नसताना मोठी लाट लोळत येते. ती अरबस्तानातल्या वाऱ्याची असते. तिकडच्या वायव्य वाऱ्याला शमाल म्हणतात, तो इराणच्या आखातावर आणि ओमानच्या बाजूला सुटला की त्याची लाट अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पुळणीवर फुटते.

तांडेलांना मी वादळांबद्दल विचारलं. निसर्ग आणि तौक्ते यांबद्दल ते मोकळेपणी बोलले. पत्रे कुठे गेले, माड कसे पडले. ती वादळं मे-जूनची, पाऊस तोंडावर आलेला, बोटी बहुतेक ओढलेल्या किंवा ओढण्याच्या बेतात. फयानबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांनी विडी पेटवली. ११ नोव्हेंबर २००९. दिवाळी होऊन गेलेली, समुद्र निवण्याचे दिवस, सगळ्या बोटी बाहेर. वादळ दक्षिणेकडून किनाऱ्याला घासत वर आलं आणि अलिबाग-मुंबईच्या मध्ये जमिनीवर गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं परत आली नाहीत. ते एवढंच म्हणाले, "त्या दिसाची बंदी असती तर कोण गेला असता?" आणि उठून दोर तपासायला गेले.

बंदी असते ती पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, हा कायद्याचा हिशेब. गावाचा हिशेब नारळी पौर्णिमेचा. कित्येक बंदरांत कायदा सुटला तरी नारळ पडल्याशिवाय बोट बाहेर जात नाही. पावसाळ्याला न जुमानता घडलेल्या गोष्टी किनारा विसरत नाही. १७ जुलै १९४७ला, आषाढातल्या अवसेला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला. रेवस-अलिबागकडच्या घरांत ती अवस अजून वेगळी असते.

बावटा उतरला त्या सकाळी सगळी खाडी एकदम सुटली. मला घाई होती, तांडेलांना नव्हती. "निवू दे," म्हणाले, आणि गुजरातच्या बोटी गेल्यावर, पाणी जरा मऊ झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मतलईवर आम्ही निघालो.

रत्नागिरीत डिझेल घेतलं. पूर्णगडचा चिमुकला किल्ला मुचकुंदीच्या मुखावर दिसला आणि मागं गेला. आंबोळगड, मुसाकाजी, जैतापूर. १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरच्या इंग्रजांची वखार लुटली तेव्हा गलबतं या खाडीतून वर थेट राजापूरच्या धक्क्याला लागत. आता खाडी गाळानं भरली आहे आणि राजापूरला पाणी येतं ते पुराचंच.

मग विजयदुर्ग आला.

या बंदराबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. विजयदुर्गात वाघोटन नदी मिळते, पण तिच्या मुखाशी वाळूचा आडवा पट्टा नाही. कोकणातल्या बहुतेक खाड्या स्वतःच्या दारात स्वतःच गाळ टाकून बसतात. इथे पाणी खोल, आणि किल्ल्याचं नाक असं वळलेलं की नैर्ऋत्येचा ऐन पावसाळी वाराही आत येत नाही. भर आषाढात शिरता येईल अशी जी मोजकी बंदरं या किनाऱ्यावर आहेत त्यांत याचं नाव पहिल्या रांगेत. आंग्र्यांनी आरमाराचं ठाणं इथे उगीच केलं नव्हतं. आत गिर्ये गावाजवळ खडक कोरून केलेली त्यांची गोदी अजून आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरडं, मग तळाची डागडुजी करायची. पंपाचं काम समुद्राकडून करून घ्यायचं. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडांची एक भिंत आहे. चाल करून येणारं जहाज तिच्यावर आदळावं म्हणून. १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जाळलं. मराठ्यांचंच पेशवाई सैन्य तेव्हा जमिनीच्या बाजूनं इंग्रजांच्या सोबतीला होतं, हे आठवलं की किल्ल्यावर फार वेळ उभं राहावंसं वाटत नाही.

माझी आत्या या गावात सासरी होती. मुंबईहून ती बोटीनं यायची. 'चंपावती', 'रोहिदास', पुढे 'कोकणसेवक', ही नावं तिच्या तोंडी नातेवाइकांसारखी. बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर पाण्यात उभी राहायची. मग पडाव यायचे, आणि वर-खाली होणाऱ्या शिडीवरून वर-खाली होणाऱ्या पडावात, हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन, बायकांनी उडी टाकायची. खलाशी दंडाला धरून झेलायचा. ज्यांना परपुरुषाच्या सावलीलाही उभं राहायची चोरी होती त्या बायकांना वर्षातून दोनदा असं कुणी तरी झेलायचं. आत्याला बोट फार लागायची. लिंबू चोखत, डेकवर आडवी पडून ती मुरुड, हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं मोजायची. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे माहेर बंद. आता विजयदुर्गच्या धक्क्यावर क्रिकेट चालतं. रस्ता आला, बोट गेली, १९९८ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती इथून पार लांबून, आणि वाऱ्याला एवढी भक्कम पाठ देऊन बसलेलं हे बंदर रस्त्याच्या नकाशावर शेवटचं टोक ठरलं. वारा मात्र अजून जुन्याच नकाशावर चालतो. जरा तुफानाची हूल उठली की परमुलखातल्या बोटी पलीकडच्या देवगडात आणि इथे आश्रयाला येतात. चार दिवस बाजारात तेल, कांदे, पाव मिळेनासे होतात. मग त्या जातात.

विजयदुर्गात हवा छान होती आणि थांबायचं काही कारण नव्हतं. म्हणून एका रात्रीत निघालो. गाव नीट बघायचं तर वाईट हवा लागते.

मालवण हे उलट. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर आहे त्याच्या भोवती खडकांची रांगोळी, काही पाण्यावर, काही पाण्याखाली. २५ नोव्हेंबर १६६४ला किल्ल्याचा मुहूर्त झाला. जागा निवडताना महाराजांनी बहुधा हेच हेरलं असणार, की इथे अनोळखी माणसाला आत शिरताच येत नाही. आम्ही अनोळखीच. तांडेलांनी इंजिन मंद केलं आणि एका परतणाऱ्या गाबीत होडीच्या मागं मागं, तिच्या फेसावर नजर ठेवून, बोट आत आणली. आत आल्यावर त्या होडीवाल्यानं वळून विचारलं, "खंयचे?" एवढा वेळ त्यानं वळून पाहिलं नव्हतं, पण वेग मुद्दाम कमी ठेवला होता. संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोरीच्या दोन टोकांना दोन रांगा, बाप्ये, बायका, पोरं, सगळे, आणि हळूहळू जवळ येणारा तो अर्धगोल. ओढायला हात लावला तर वाटा मिळतो. माझ्या वाट्याला आलेले बांगडे पोरानं कोकम आणि तिरफळ घालून केले. तिरफळ मालवणात शेजारच्या घरून मागून आणलं होतं.

मालवण ते वेंगुर्ला टप्पा छोटा, पण मला वाटेत वेंगुर्ला रॉक्स बघायचे होते. निवतीच्या समोर खोल समुद्रात खडकांचा तो पुंजका आहे, त्यावर दीपगृह, आणि खडकांच्या गुहांत पाकोळ्यांची वस्ती. ज्या घरट्यांचं सूप परदेशात सोन्याच्या भावानं विकलं जातं तशी लाळेची घरटी करणाऱ्या त्या पाकोळ्या. हवा स्वच्छ, वारा नावालाही नाही. जवळ गेलो तर खडकाभोवती पाणी श्वास घेतल्यासारखं दोन पुरुष वर चढत होतं आणि तेवढंच खाली. अरबस्तानची लाट. तांडेलांनी खडकाला दोन फेऱ्या घातल्या, प्रामाणिकपणे, मला वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं, उडी मारतो. ते म्हणाले, "जाशीला. परत कसा येशीला?" पाकोळ्या डोक्यावरून भिरभिरत होत्या, गुहेच्या तोंडातून लाट आत घुसून ढोल वाजल्यासारखा आवाज येत होता. आम्ही वेंगुर्ल्याकडे वळलो.

वेंगुर्ल्याच्या बंदरात बोट नव्या मालकाच्या ताब्यात दिली. त्यांनी शीड बघितलं आणि म्हणाले, हे काढून टाकू, वर पर्यटकांसाठी छत घालू. तांडेल काही बोलले नाहीत. शीड त्यांनी आदल्या रात्रीच नीट घडी करून सुतळीनं बांधून ठेवलं होतं. डचांच्या जुन्या वखारीवरून आम्ही स्टँडवर गेलो आणि रत्नागिरीची गाडी धरली.

मठच्या वळणांवर तांडेल गप्प झाले. कुडाळ येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि दोन्ही हातांनी त्यांनी समोरच्या सीटचा दांडा धरला होता. आयुष्यभर तुफानात उभा राहिलेला माणूस, आणि त्याला गाडी लागली होती. कुडाळ स्टँडवर उतरून ते बाकड्यावर बसले. मी लिंबू आणलं. पोरगा हसू दाबत पाण्याची बाटली घेऊन उभा. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कंडक्टर दारात येऊन म्हणाला, "आजोबा, येताय ना?"

तांडेलांनी लिंबू चोखत त्या लाल गाडीकडे एकदा नीट बघून घेतलं.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले.